दोन महिन्यांच्या भटकंतीसाठी कॅमेरा निवडताना: आधी वजनकाटा, मग दुकान

हिमाचलातल्या स्पितीला पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या सॅकमध्ये नुसतं कॅमेऱ्याचं सामान साडेचार किलो होतं. लांगझाहून कोमिककडे चढत होते. वाटेत अगदी पन्नास-साठ पावलांवर भरलांचा (हिमालयातल्या रानमेंढ्यांचा) कळप आडवा आला. कॅमेरा सॅकच्या आत, पॅड लावलेल्या पिशवीत, वर रेनकोट आणि जेवणाचा डबा. सॅक उतरवली, बंद सोडले, रेनकोट बाहेर काढला, पिशवीची चेन उघडली, लेन्स बदलायला घेतली. मान वर केली तेव्हा शेवटचं भरल धारेपलीकडे उतरत होतं.

घरी आल्यावर सगळ्या फोटोंची माहिती संगणकावर उघडून बसले. त्या दोन महिन्यांत ७०-२०० ची वजनदार लेन्स (हे आकडे मिलीमीटरमधले, मोठा आकडा म्हणजे दूरचं जवळ) मी एकूण अकरा वेळा वापरली होती. अकरा फोटोंसाठी दीड किलो ओझं साठ दिवस वाहिलं.

त्यानंतर दोनदा पुन्हा गेले, आणि दोन्ही वेळा सव्वादोन किलोत भागवलं. नव्याने लांबच्या भटकंतीला निघणारे बरेच जण मला पहिला प्रश्न विचारतात, "कोणता कॅमेरा घेऊ?" त्याचं उत्तर मी शेवटी देते. माझ्या मते निवड करायची ती या क्रमाने: वजन, लेन्स, बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा), आणि मग वीज. खालचं सगळं शिमला-किन्नौर-स्पिती-मनाली या वाटेला धरून लिहिलं आहे, कारण तो भाग मी पायांनी आणि बसने पाहिला आहे. रेकाँग पिओ, नाको, ताबो, काझा, किब्बर, मग कुंझुम खिंड ओलांडून चंद्रताल, आणि मधे पाच दिवस लांगझा-कोमिक-देमुल-ल्हालुंग-धनकर असं गावोगाव चालणं. तुम्ही दुसरीकडे जाणार असाल तर आकडे थोडे बदलतील, क्रम तोच ठेवा.

पायरी १: स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा

दोन महिन्यांच्या प्रवासाला कपडे, स्लीपिंग बॅग, औषधं, पाणी धरून सॅक दहा ते बारा किलोच्या आत राहिली पाहिजे. समुद्रसपाटीवर पंधरा किलो उचलता येतात म्हणून काझाला उचलता येतील असं नाही. काझा ३,६०० मीटरच्या वर आहे, किब्बर ४,२०० च्या आसपास, कोमिक ४,५०० च्याही वर. तिथे प्रत्येक अर्धा किलो दमात जाणवतो, आणि दमलेला माणूस फोटो काढत नाही, पायाखाली बघत चालतो.

म्हणून कॅमेऱ्यासाठी सॅकच्या वजनाचा पाचवा हिस्सा धरा. बारा किलोची सॅक असेल तर कॅमेऱ्याचं सगळं मिळून अडीच किलोच्या आत. सगळं म्हणजे बॉडी, लेन्स, बॅटऱ्या, चार्जर, वायरी, पॉवर बँक, ट्रायपॉड, पट्टा आणि ज्या पिशवीत हे ठेवणार ती पिशवीसुद्धा. पॅड लावलेल्या काही कॅमेरा बॅगा रिकाम्याच दीड-दोन किलोच्या असतात. तशी बॅग घेतलीत तर हिशेब तिथेच संपला.

एक कागद घ्या, प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवा, ग्रॅममध्ये लिहा. दुकानाच्या पानावर लिहिलेलं वजन पुष्कळदा बॅटरी आणि कार्डाशिवायचं असतं, त्यामुळे स्वतः तोलणं बरं. ज्यांच्याकडे अजून काही नाही त्यांनी कंपनीचे आकडे लिहून सुरुवात करावी.

फरक केवढा पडतो ते पाहा. सोनीची फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरची) ए७ मार्क ४ बॉडी ६५८ ग्रॅम, तिच्यावर २४-७० एफ २.८ ची (एफचा आकडा लहान तेवढा उजेड जास्त) दुसऱ्या पिढीची, वरच्या दर्जाची जीएम लेन्स ६९५ ग्रॅम. एक बॉडी, एक लेन्स, साडेतेराशे ग्रॅम झाले. त्याच कंपनीची एपीएस-सी या लहान सेन्सरची ए६४०० ही ४०३ ग्रॅम आणि १८-१३५ लेन्स ३२५ ग्रॅम. मिळून ७२८, आणि पल्ला जवळजवळ तिप्पट. फुल-फ्रेमचा फोटो अंधारात स्वच्छ येतो, हे खरं आहे. पण ज्यांना भिंतीएवढे प्रिंट काढायचे नाहीत आणि जे पहिल्यांदाच एवढ्या लांब निघालेत, त्यांनी एपीएस-सी किंवा मायक्रो फोर थर्ड्स (त्याहून लहान सेन्सर) यांच्या वर जाऊ नये असं मी स्पष्ट सांगते.

पायरी २: लेन्स ठरवा, तीही स्वतःचे जुने फोटो बघून

आजवर काढलेले शेवटचे चार-पाचशे फोटो उघडा. मोबाइलचे असले तरी चालतील. तुम्ही कशाचे फोटो काढता? माणसांचे, चुलीपाशी बसलेल्या आजींचे, डोंगररांगांचे, पक्ष्यांचे, ताऱ्यांचे? कॅमेरा असेल तर प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेन्थ (लेन्सचा मिलीमीटरमधला आकडा) लिहिलेली असते. बहुतेकांचे पाचपैकी चार फोटो एकाच छोट्या पल्ल्यात येतात. तो पल्ला ज्या लेन्समध्ये बसतो ती तुमची मुख्य लेन्स.

नवशिक्यासाठी माझी शिफारस १८-१३५ किंवा १८-१५० सारखी एकच लांब पल्ल्याची झूम. एपीएस-सी सेन्सरवर १८-१३५ म्हणजे फुल-फ्रेमच्या भाषेत साधारण २७ ते २०० मिलीमीटर. की गावच्या गोंपाची (बौद्ध मठाची) अख्खी टेकडी त्यात येते आणि समोरच्या कड्यावरचं एकटं घरही जवळ ओढता येतं. कॅननच्या आर-मालिकेतल्या छोट्या कॅमेऱ्यांसाठी १८-१५० येते, ३१० ग्रॅमची. जाणकार सांगतील की अशा झूमची धार प्राइम (झूम न होणाऱ्या) लेन्ससारखी नसते. बरोबर आहे. पण स्पितीत वारा दुपारनंतर सुटतो आणि सोबत पिठासारखी धूळ आणतो. तिथे लेन्स जेवढ्या कमी वेळा बदलाल तेवढा सेन्सर स्वच्छ राहील. माझ्या पहिल्या प्रवासातल्या शंभरेक आभाळांवर एकाच जागी एकच काळा ठिपका आहे.

दुसरी लेन्स घ्यायची तर ती अगदी एका कामासाठी घ्या. मला रात्रीच्या आकाशाचं वेड आहे, म्हणून मी १२ मिलीमीटर एफ २ ची हाताने फोकस करायची लेन्स नेते, अडीचशे ग्रॅमच्या आत बसते. अमावास्येच्या आगेमागे देमुलच्या गच्चीवरून आकाशगंगा नुसत्या डोळ्यांना एवढी दिसते की सुरुवातीला ढगच वाटतो. एफ २, वीस सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० एवढ्यावर ती कॅमेऱ्यात उतरते. तुम्हाला माणसांचे फोटो आवडत असतील तर १२ ऐवजी ३० किंवा ३५ मिलीमीटरची छोटी प्राइम घ्या. घरात उजेड बेताचा असतो, तिथे एफ १.४ किंवा एफ २ फार कामी येतं. दोन्ही नेऊ नका.

लांबची टेलिफोटो? हिवाळ्यात किब्बरला हिमबिबट्यासाठी लोक जातात ती मोहीम वेगळी, तिचं सामान वेगळं. उन्हाळी भटकंतीत शंभर-चारशेची लेन्स घरी ठेवा. आयबेक्स (रानबोकड) आणि भरल दिसतात, पण त्यांना त्यांच्या डोंगरासकट टिपलेला फोटो मला जास्त बोलका वाटतो.

आणि मोबाइल विसरू नका. रुंद दृश्यं, पटकन व्हिडिओ, बसच्या खिडकीतून काढायचे फोटो, हे सगळं आजचा बरा मोबाइल करतो. त्यामुळे त्याच कामासाठी तिसरी लेन्स वाहण्याची गरज उरत नाही.

पायरी ३: बॉडी

लेन्स ठरली की बॉडीचे पर्याय आपोआप दोन-चारच उरतात.

घरात जुना डीएसएलआर पडून असेल तर आधी त्याच्याकडे नीट बघा. निकॉन डी५६०० बॅटरीसकट ४६५ ग्रॅमचा आहे, कॅनन २०० डी मार्क २ साडेचारशेच्या आसपास. हे कॅमेरे जुने म्हणून लोक मोडीत काढतात, पण त्यांत बघायला आरसा असतो, सतत चालू असलेला छोटा पडदा नसतो, त्यामुळे बॅटरी खूप टिकते. कंपन्यांच्या प्रमाणित चाचणीत डी५६०० एका चार्जवर ९७० फोटो देतो, मिररलेस (आरसा नसलेला) ए६४०० साधारण चारशे. जिथे वीज रोजची नाही तिथे हा फरक मोठा आहे. भाऊ किंवा मावशी असा कॅमेरा द्यायला तयार असेल तर नवा घ्यायची घाई करू नका, त्या पैशात आणखी पंधरा दिवस फिराल.

नवा घ्यायचाच असेल तर मी चारच गोष्टी बघते. यूएसबी-सीने थेट कॅमेऱ्यात बॅटरी चार्ज होते का? होत असेल तर वेगळा चार्जर वाचतो. हातमोजे घालून बटणं दाबता येतात का? दुकानात खरंच हातमोजे घेऊन जा. व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) आहे का? कारण चार हजार मीटरवरच्या उन्हात मागचा पडदा नीट दिसत नाही. आणि त्या कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या सहज मिळतात का? मेगापिक्सेल २० आहेत की २६, याने तुमच्या प्रवासात काही फरक पडणार नाही.

जुना विकत घेणार असाल तर मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजाराकडे एक चक्कर मारा, वस्तू हातात घेऊन बघता येतात. लेन्समधून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड आरपार टाका. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, ती लेन्स सोडून द्या. आपल्याकडे मुंबई-कोकणातल्या दमट हवेत हे फार होतं. मग एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून बघा, सेन्सरवरचे डाग कळतात. सगळी चक्रं फिरवा, सगळी बटणं दाबा. शटर किती वेळा चाललंय ते विचारा. बिल मागा. नव्या वस्तूत कोणी फारच स्वस्त देत असेल तर भारतातली वॉरंटी आहे का हे बिलावर लिहून घ्या.

आणि निघण्याच्या आदल्या आठवड्यात कॅमेरा घेऊ नका. किमान दोन महिने हातात असू द्या. मुंबई-पुण्यात कॅमेरे भाड्यानेही मिळतात. घ्यायच्या आधी तोच कॅमेरा एका शनिवार-रविवारी भाड्याने नेऊन राजगडावर मुक्काम करून या. बारा किलोच्या सॅकसह गुंजवण्याहून चढताना जे कळतं ते दुकानात कळत नाही.

पायरी ४: वीज. इथे थोडं थांबा

नवशिक्यांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून सविस्तर लिहिते.

पॉवर बँकवर २०,००० एमएएच लिहिलेलं असतं. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा. म्हणजे ऊर्जा (२० अँपिअर-अवर गुणिले ३.७ व्होल्ट) ७४ वॉट-अवर. व्होल्टेज बदलताना आणि उष्णतेत काही भाग जातो. प्रत्यक्षात पासष्ट टक्के हाती लागले असं धरा, म्हणजे ४८ वॉट-अवर. ए६४०० ची बॅटरी ७.३ वॉट-अवरची आहे. म्हणजे सहा वेळा चार्ज होईल, असं वाटतं. पण त्याच पॉवर बँकवर तुमचा मोबाइलही आहे, आणि ५,००० एमएएचचा मोबाइल एकदा पूर्ण भरायला साधारण १९ वॉट-अवर लागतात. दोनदा मोबाइल भरला की ३८ गेले. उरले दहा. त्यात कॅमेऱ्याची एक बॅटरी.

तेव्हा पहिलं काम, चालण्याच्या दिवसांत मोबाइल विमान मोडवर ठेवा. दुसरं, पॉवर बँकेवर विसंबण्यापेक्षा कॅमेऱ्याच्या सुट्या बॅटऱ्या जास्त न्या. एक बॅटरी पन्नास ग्रॅमच्या आसपास असते. कॅमेऱ्यातली एक आणि सुट्या तीन, अशा चार. पाच दिवसांच्या चालीत दिवसाला शंभर-सव्वाशे फोटो काढले आणि थंडीने क्षमता निम्मी झाली तरी पुरतात.

थंडीचं असं आहे की लिथियम बॅटरीच्या आतली रासायनिक हालचाल गारठ्यात मंदावते. पहाटे कॅमेरा ४० टक्के दाखवतो आणि चार फोटोंनंतर बंद पडतो. बॅटरी संपलेली नसते, गारठलेली असते. ती काढा, आतल्या शर्टाच्या खिशात ठेवा, दुसरी घाला. वीस-पंचवीस मिनिटांनी पहिली पुन्हा चालते. रात्री सगळ्या बॅटऱ्या, मोबाइल आणि पॉवर बँक एका मोज्यात घालून स्लीपिंग बॅगमध्ये पायांपाशी ठेवायच्या. आणखी एक, शून्याच्या खाली गेलेली लिथियम बॅटरी त्याच अवस्थेत चार्जिंगला लावू नका, तिचं कायमचं नुकसान होतं. आधी अंगाशी धरून ऊब द्या, मग वायर लावा.

स्पितीतल्या गावांत वीज आहे, पण ती कधी जाईल सांगता येत नाही, आणि एका होमस्टेत आठ जण आणि प्लगपॉइंट दोन अशी गत असते. छोटा तीन पिनांचा मल्टिप्लग नेलात तर सगळ्यांची सोय होते. घरच्यांना विचारूनच लावा. सौर ऊर्जेवर चालणाऱ्या घरात आपण चार वस्तू चार्जिंगला लावल्या तर रात्री त्यांच्याच स्वयंपाकघरातला दिवा मंदावतो.

सॅकवर बांधायची सोलर पॅनेलं मी सुचवत नाही. चालताना त्यांचं तोंड उन्हाकडे राहत नाही, आणि त्याच वजनात तीन-चार बॅटऱ्या येतात.

विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच हव्यात, चेक-इनमध्ये चालत नाहीत. १०० वॉट-अवरपर्यंतची पॉवर बँक विनापरवानगी नेता येते, ३.७ व्होल्टच्या हिशेबाने २७,००० एमएएच म्हणजे ती हद्द. वीस हजारची घ्या. तिच्यावर छापलेला आकडा खोडला गेला असेल तर ती नेऊ नका, सुरक्षा तपासणीत अडवतात. आणि सुट्या बॅटऱ्यांची टोकं नाण्यांना-किल्ल्यांना लागू नयेत म्हणून त्या प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत ठेवा.

पायरी ५: फोटो कुठे साठवणार

साठ दिवस, दिवसाला सव्वाशे फोटो, म्हणजे साडेसात हजार. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची दाबलेली रॉ (कच्च्या फोटोची) फाइल साधारण २५ एमबीची धरली तर १९० जीबीच्या आत-बाहेर. त्यासाठी २५६ जीबीचं एक कार्ड घेण्यापेक्षा ६४ जीबीची चार घ्या. एक हरवलं किंवा बिघडलं तर सगळा प्रवास जात नाही. कार्डावर व्ही३० लिहिलेलं असलं की नेहमीच्या कामाला वेग पुरतो. ओळखीच्या दुकानातून, बिलासकट घ्या, कार्डात बनावट माल फार आहे.

आता दुसरी प्रत. माझ्या पहिल्या प्रवासात मी फिरत्या तबकडीची छोटी हार्ड डिस्क नेली होती. किन्नौरचे सगळे फोटो तिच्यावर टाकले आणि कार्डं पुसून पुन्हा वापरायला काढली. काझाला पोचल्यावर डिस्क लावली तर आतून टिक-टिक आवाज येऊ लागला. कल्पाची सकाळ, नाकोचं तळं, रेकाँग पिओच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या, मांडीवर जर्दाळूंची टोपली घेतलेल्या आजी, सगळं तिच्यात होतं. शिमल्याला उतरल्यावरही ती चालू झाली नाही. मुंबईत दुरुस्तीवाल्याने दोन आठवडे ठेवून परत दिली.

कारण मला नंतर समजलं. अशा डिस्कमध्ये वाचणारं टोक तबकडीच्या अगदी वर, हवेच्या पातळ थरावर तरंगत असतं. उंचीवर हवाच विरळ, मग टोक खाली येऊन तबकडीला घासू शकतं. म्हणूनच बहुतेक हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात वापराची मर्यादा तीन हजार मीटरच्या आसपास लिहिलेली असते. बसचे धक्के वेगळेच. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. साठ ग्रॅमच्या आसपास वजन, काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी. ती घ्या. लॅपटॉप न्यायची गरज नाही: यूएसबी-सीचा मोबाइल, एक छोटा कार्ड रीडर आणि जोडायला एक हब असला की मोबाइलच्याच फाइल अ‍ॅपमधून कार्डावरचं एसएसडीवर उतरवता येतं. घरी असताना दोन-तीनदा करून बघा, तुमच्या मोबाइलला जमतंय याची खात्री होईल.

प्रवास संपेपर्यंत एकही कार्ड पुसू नका. कार्डं अंगावर, एसएसडी सॅकमध्ये. दोन्ही एकाच पिशवीत ठेवली तर दुसऱ्या प्रतीचा उपयोग काय?

पायरी ६: कॅमेरा कुठे लटकवणार

भरलांचा किस्सा आठवा. कॅमेरा दोन-तीन सेकंदांत हातात आला पाहिजे. माझ्याकडे सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर बसणारी धातूची क्लिप आहे. कॅमेऱ्याच्या बुडाला एक चौकोनी पट्टी स्क्रूने लावायची आणि ती क्लिपमध्ये सरकवायची. वजन ८५ ग्रॅम, आणि ओझं खांद्याच्या रेषेत येतं, मान धरत नाही. उतरणीवर कॅमेरा छातीवर आपटत नाही हा दुसरा फायदा. तो स्क्रू रोज सकाळी घट्ट आहे का ते बघा, बसच्या धक्क्यांनी सैल होतो. जोडीला मनगटात अडकवायची दोरी ठेवा.

कंपनीने दिलेला, मोठ्या अक्षरांत नाव छापलेला गळ्यातला पट्टा घरी ठेवा.

बसमध्ये मोठी सॅक टपावर किंवा मागच्या डिकीत जाते. तेव्हा कॅमेरा, कार्डं, बॅटऱ्या एका पाच-सहा लिटरच्या आडव्या पिशवीत, मांडीवर. पिओ ते काझा हा अख्ख्या दिवसाचा प्रवास आहे. खाली ठेवलेली पिशवी पहिल्या तासातच धुळीने पांढरी होते. पिशवीभोवती मी जुनी सुती ओढणी गुंडाळते. तीच दुपारी डोक्यावर, रात्री लेन्सभोवती.

पायरी ७: बाकीच्या लहानसहान गोष्टी

ट्रायपॉडवर मी फार विचार केला आहे. चांगला कार्बन फायबरचा सव्वा किलोच्या आसपास जातो, म्हणजे अर्धं बजेट. स्वस्तातला हलका वाऱ्यात थरथरतो. माझ्याकडे आता दोनशे ग्रॅमचा टेबलावर ठेवायचा छोटा ट्रायपॉड आणि एक रिकामी कापडी पिशवी असते. काझाच्या किराणा दुकानात अर्धा किलो राजमा घेऊन पिशवीत भरायचा, तोंड रबराने आवळायचं. दगडी गडग्यावर, गच्चीच्या कठड्यावर, बसच्या खिडकीवर पिशवी ठेवून तिच्यात कॅमेरा दाबला की तो हलत नाही. शटर दोन सेकंदांच्या टायमरवर. चाल संपली की राजमा होमस्टेच्या स्वयंपाकघरात द्यायचा. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वास्तूंत ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते, हेही लक्षात असू द्या. ताबोच्या, इ.स. ९९६ मध्ये स्थापन झालेल्या गोंपात तर आत फोटोच काढू देत नाहीत. भित्तिचित्रं पाहायची असतील तर टॉर्च घ्या, कॅमेरा बाहेर.

फिल्टर दोन. समोरची काच वाचवायला एक साधा पारदर्शक, आणि एक पोलरायझर. पोलरायझरने चंद्रतालच्या पाण्यावरची चकाकी जाते आणि तळाचे दगड दिसतात. पण त्या उंचीवर आभाळ मुळातच गडद निळं असतं. फिल्टर पूर्ण फिरवलात तर ते काळपट होतं, आणि रुंद लेन्सवर आभाळाचा एकच पट्टा गडद येतो. अर्धाच फिरवा.

हवा मारायचा रबरी फुगा, दोन मऊ फडकी, एक मऊ ब्रश. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे कण लेन्सवर बसतात. लेन्स बदलायचीच झाली तर वाऱ्याकडे पाठ करा, कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे धरा.

चेन लावायच्या जाड प्लॅस्टिक पिशव्या तीन-चार. बाहेरच्या गारठ्यातून तंदूर पेटवलेल्या खोलीत शिरलात की चष्म्यासारखंच लेन्सवर आणि आतही धुकं धरतं. म्हणून बाहेरच कॅमेरा पिशवीत घालून हवा काढून चेन लावा, आत आल्यावर तासभर उघडू नका. धुकं पिशवीच्या बाहेरच्या बाजूला धरेल. फोटो बघायची घाई असेल तर कार्ड बाहेरच काढून घ्या. याच पिशवीत सिलिका जेलची पुडी ठेवली की निघतानाच्या मुंबईच्या जुलैतल्या दमटपणाचीही काळजी नाही.

ड्रोन नेऊ नका. बॅटऱ्यांसकट पाऊण किलो सहज होतो, स्पिती तिबेटच्या सीमेला लागून आहे, आणि उडवण्याआधी ड्रोनसाठीचा सरकारी हवाई हद्दीचा नकाशा व स्थानिक परवानग्या बघाव्या लागतात. सीमेकडच्या रस्त्यांवर लष्कराच्या छावण्या आणि पूल यांचे फोटो साध्या कॅमेऱ्यानेही काढायचे नसतात. तशा पाट्या असतात, त्या वाचा.

माझी यादी, ग्रॅममध्ये

बॉडी ४०३, झूम ३२५, रुंद लेन्स २४५. सुट्या तीन बॅटऱ्या १५०, दुहेरी यूएसबी चार्जर ६०, पॉवर बँक ३८०, भिंतीचा चार्जर ११०, वायरी ६०. एसएसडी आणि कार्ड रीडर ७०. फुगा-फडकी-ब्रश ८०, पोलरायझर ३०, छोटा ट्रायपॉड १९०, क्लिप ८५, पिशव्या ६०. बेरीज २,२४८. अडीच किलोत अडीचशे ग्रॅम मोकळे राहतात. मी ते मोकळेच ठेवते, राजम्याच्या पाच दिवसांत तेवढंच वर जातं.

आता तो सुरुवातीचा प्रश्न. हा हिशेब तुमच्या कागदावर मांडल्यावर बॉडीसाठी साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम उरतात. सोनी ए६४००, ए६७००, निकॉन झेड ५०, कॅनन आर१०, आर५०, फुजीफिल्म एक्स-टी३० मार्क २, हे सगळे त्यात बसतात. यांतला जो तुमच्या हातात नीट बसतो आणि ज्याची १८ पासून सुरू होणारी हलकी झूम तुम्हाला परवडते, तो घ्या. मोठ्या मुठीच्या माणसाला फुजीचा लहान कॅमेरा निसटल्यासारखा वाटतो, माझ्या मैत्रिणीला तोच सगळ्यात सोयीचा. हे धरून बघितल्याशिवाय कळत नाही.

निघायच्या आदल्या रात्री

बिलाचा आणि बॉडी-लेन्सच्या सिरियल नंबरचा फोटो काढून स्वतःला मेल करून ठेवा; चोरी झाली तर पोलिसांत आणि विम्यासाठी लागतो. देशाबाहेर जाणार असाल तर जाताना विमानतळावरच्या सीमाशुल्क खात्याकडून सामानाचं निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परतताना कॅमेरा तिथून विकत आणला का असा प्रश्न येत नाही. पहिल्या कार्डाच्या फाइलींत तुमचं नाव आणि फोन नंबर लिहिलेल्या कागदाचा एक फोटो काढून ठेवा. कार्ड कुणाला सापडलं तर परत येण्याची शक्यता राहते.

सगळ्या बॅटऱ्या भरा आणि प्रत्येकीवर चिकटपट्टीचा तुकडा लावून १, २, ३, ४ लिहा. भरलेल्या बॅटरीचं तोंड वर, संपलेलीचं खाली, असं डबीत ठेवायची सवय लावा. अंधारात बोटांनीच कळतं. कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलशी जुळवा, म्हणजे परतल्यावर दोन्हींतले फोटो एकाच क्रमाने लागतात. मग सॅक पाठीवर घ्या, क्लिपमध्ये कॅमेरा अडकवा आणि इमारतीचे सगळे जिने एकदा चढून-उतरून या. कुठे काचत असेल तर पट्टा आज रात्रीच सारखा करता येईल.